‘आते’ म्हणजे कोण? वीस महिन्यांच्या एका ‘न बोलणाऱ्या’ मुलाचे प्रकरण

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकच्या सिडको भागातील एक कुटुंब वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे, म्हणजे वाचा आणि श्रवण तपासणीच्या केंद्रात, आले. सोबत आई, वडील आणि वडिलांची आई अशी तीन माणसे होती. आईचे म्हणणे असे की मुलगा बोलतच नाही, ‘आई’ आणि ‘बा’ सोडले तर त्याच्या तोंडी शब्द नाही. वडिलांचे म्हणणे असे की ते स्वतः अडीच वर्षांचे झाल्यावर बोलू लागले होते, त्यामुळे काळजीचे कारण नाही, केवळ मुलाच्या आईचे समाधान व्हावे म्हणून आलो आहोत. आजींनी काहीच सांगितले नाही. त्या नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि मीही त्यांना काही विचारले नाही.

मुलाला घरी सोन्या म्हणतात. निम्म्या महाराष्ट्रात मुलांना सोन्याच म्हणत असल्यामुळे हे नाव इथे वापरायला हरकत नाही. कुटुंबाची ओळख पटेल असे इतर तपशील वगळले आहेत.

भेटीला निमित्त झाले ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे. घरी बायका जमल्या होत्या. जावेची मुलगी सोन्याहून दीड महिन्याने लहान, आणि ती ‘तिगू घ्या, तिगू घ्या’ म्हणत प्रत्येकीपुढे वाटी धरत होती. त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. एकीने विचारले, ‘हा अजून बोलत नाही?’ दुसरीने सांगितले की मुलगे उशिराच बोलतात. तिसरीने जीभ जड असल्याचे निदान केले आणि मधात वेखंड उगाळून जिभेवर फिरवण्याचा सल्ला दिला. आईने त्या रात्री मोबाइलवर बरेच काही वाचले आणि पुढच्याच आठवड्यात वेळ घेतली.

तुलनेविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे, कारण या वयाच्या मुलांच्या आयांना सर्वांत जास्त त्रास तुलनेचाच होतो. बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की हुंकार देऊ लागते. सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ ओढू लागते. अर्थ असलेला पहिला शब्द साधारण दहा ते चौदा महिन्यांच्या सुमारास येतो. मात्र तिथून पुढे मुलांमधले अंतर इतके वाढते की दीड वर्षाच्या एका मुलाकडे दहा-पंधरा शब्द असतात, तर शेजारच्या मुलीकडे शंभराहून अधिक, आणि दोघेही निकोप असू शकतात. दोन वर्षे पूर्ण होताना पन्नासच्या आसपास शब्द असावेत आणि दोन शब्द जोडले जावेत अशी अपेक्षा असते. तिथवर न पोचलेली मुले ‘उशिरा बोलणारी’ समजली जातात आणि दोन वर्षांच्या मुलांत त्यांचे प्रमाण साधारण दहा ते पंधरा टक्के असते. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हे खरे आहे, पण तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा असतो. ‘मुलगा आहे, थांबा’ असे सांगून वर्षभर स्वस्थ बसण्याइतका तो नसतो.

पहिली भेट

जन्माच्या वेळची फाइल आईने व्यवस्थित जपून ठेवली होती. पूर्ण दिवसांचे बाळ, वजन २.८ किलो, जन्मतःच रडलेले, पेटीत ठेवावे लागलेले नाही. दुसऱ्या दिवशी कानांची ओएई तपासणी झालेली होती आणि त्या कागदावर दोन्ही कानांपुढे ‘पास’ असे लिहिले होते. या तपासणीत कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानातील पेशींकडून परत येणारा क्षीण ध्वनी मोजतात. जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असलेली बाळे दर हजारी साधारण एक ते तीन असतात. त्यांच्यासाठी एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार हे सूत्र जगभर मानले जाते. आपल्याकडे अजूनही पुष्कळ बाळे या चाळणीपर्यंत पोचत नाहीत. सोन्या पोचला होता. त्या कागदाने मला निश्चिंत केले, आणि पुढची चूक तिथेच सुरू झाली.

बाकीचा इतिहास सरळ होता. सातव्या महिन्यात बसला, तेराव्या महिन्यात चालू लागला. आठव्या महिन्यात ‘बाबाबा’ सुरू झाले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते, आणि आईला त्याचे थोडे वाईट वाटले होते. या तक्रारीला माझ्याकडे एक ठरलेले उत्तर आहे, ते मी त्यांनाही दिले. ओठ मिटून उघडले की ‘बा’ आणि ‘मा’ आपोआप होतात. जगातल्या इतक्या भाषांत आईवडिलांसाठीचे शब्द याच अक्षरांचे का असतात, याचे विवेचन रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने केले आहे. आपल्या ‘आई’त मात्र एकही व्यंजन नाही. ‘बाबा’ बडबडीतूनच गळून पडतो, ‘आई’ मुलाला ठरवून म्हणावी लागते. तेव्हा उशिरा आली तरी ती जास्त मोलाची हाक आहे. हे शास्त्र नव्हे, सांत्वन आहे, पण ते बहुतेक आयांना पटते.

अकराव्या महिन्यापासून आई पुन्हा नोकरीवर जाऊ लागली आणि सोन्या अर्धा दिवस पाळणाघरात, अर्धा दिवस आजीजवळ राहू लागला. त्यानंतर सर्दी त्याच्या मागेच लागली. दोनदा रात्री कान दुखून रडला होता, औषधाने दोन दिवसांत बरा झाला होता. हे मी लिहून घेतले आणि पान उलटले.

खोलीत सोन्या जे करत होता ते पाहून माझी निम्मी काळजी मिटली. ओझरच्या बाजूने एक लढाऊ विमान गडगडत गेले तेव्हा त्याने खिडकीकडे बोट केले, मग वळून आजीकडे पाहिले, पुन्हा बोट केले. मला हवे आहे म्हणून दाखवलेले बोट वेगळे आणि ‘तूही बघ’ म्हणून दाखवलेले बोट वेगळे. हे दुसऱ्या प्रकारचे बोट वर्षाच्या आसपास येते, आणि ते आले असेल तर मूल बोलण्याच्या दारापर्यंत येऊन उभे आहे असे समजायला हरकत नसते. तो डोळ्याला डोळा देत होता, चावी हरवलेली गाडी माझ्या हातात आणून देत होता, बाहुलीला चमचा भरवत होता. वर्षाचे होऊनही बडबड नाही किंवा बोट दाखवणे, टाटा करणे नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर वाट न पाहता तपासणी करावी लागते. सोन्याच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट नव्हती. स्वमग्नतेची शंका घेण्याजोगे काही दिसले नाही, आणि त्यासाठीची प्रश्नावली भरून घेतली तीही निर्वेध निघाली.

मग मी मोबाइलविषयी विचारले. जेवताना मोबाइल लागतो, त्यावर इंग्रजी गाणी लागतात, दिवसाकाठी दीड-दोन तास होत असतील, असे आईने खाली मान घालून सांगितले. मला कारण सापडल्यासारखे झाले. दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवू नये असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांसाठीही एका तासाची मर्यादा घातली आहे. पडद्यावरून भाषा का शिकता येत नाही, हे पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगाने चांगले दाखवले. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना समोर बसून चिनी भाषेत खेळवले तेव्हा त्या भाषेतले ध्वनिभेद त्यांना ओळखता येऊ लागले. तीच माणसे आणि तेच बोलणे चित्रफितीवरून ऐकवले तेव्हा काहीच शिकले गेले नाही. मी हे सारे त्या कुटुंबाला सांगितले, जेवताना मोबाइल बंद करायला सांगितला, एक वही घालायला सांगितली आणि सहा आठवड्यांनी बोलावले. श्रवणतपासणीची यंत्रे शेजारच्याच खोलीत होती. मी ती उघडलीसुद्धा नाही.

वही

वहीचे नियम मी लिहून दिले होते. मूल एकच आवाज एकाच गोष्टीसाठी, स्वतःहून, निदान तीन वेगवेगळ्या वेळी वापरत असेल तर तो शब्द. उच्चार शुद्ध असण्याची गरज नाही. ‘हम्मा’, ‘भूभू’ हेही शब्दच. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकाच यादीत मोजायचे. आणि मूल जसे म्हणते तसेच लिहायचे, आपण दुरुस्त करायचे नाही.

आठवडाभराने आईचा फोन आला. ‘मॅडम, अकरा झाले,’ असे त्या म्हणाल्या तेव्हा आवाजात आश्चर्य होते. आई, बा, मम्मं, भूभू, हम्मा, टाटा, दे, नाय, बाहेर जाण्यासाठी ‘भुल्ल’, कुकरच्या शिट्टीसाठी ‘पी’, आणि अकरावा ‘आते’. या अकराव्यावर घरात वाद झाला होता. सोन्या ‘आते’ पूर्वीपासून म्हणे, पण त्याचे आईवडील तो शब्द धरत नसत. त्यांना वाटे की तो आत्याला हाक मारतो, आणि ती तर लग्न होऊन मालेगावला गेलेली. शिवाय तो हे कधी चपलांच्या मांडणीकडे बघून म्हणे, कधी देवघराकडे, कधी स्वतःच्या ताटलीकडे. तेव्हा आत्याही नव्हे, नुसतीच बडबड, असे ठरवून तो शब्द सोडून दिला होता. वहीचे नियम वाचून दाखवले जात असताना आजी पहिल्यांदा बोलल्या. ‘तो आत्याला नाही हाक मारत. तो आठे म्हणतो.’

आजी सटाण्याकडच्या, घरात बोलताना त्यांची अहिराणीच चालते. अहिराणीत ‘आठे’ म्हणजे ‘इथे’. दुपारभर आजी नातवाशी बोलत असत, आठे ये, आठे बस, आठे ठेव, आणि तो चपला, देव आणि ताटली यांच्याकडे बोट करून त्यांना ‘इथे’ असे सांगत होता. आईचे माहेर नाशिकरोडचे, त्यांना अहिराणी समजते पण कानावर तेवढी बसलेली नाही. वडिलांना ती चांगली येते, पण मुलाशी बोलताना त्यांनी जाणीवपूर्वक ‘शुद्ध’ मराठी धरली होती, त्यामुळे मुलाकडून अहिराणी येईल अशी अपेक्षाच त्यांच्या मनात नव्हती. सोन्याच्या तोंडी सर्वांत कामाचा, सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द घरातल्या दोन शिकलेल्या माणसांना महिनोन्‌महिने ऐकू आला नव्हता.

‘ठे’चे ‘ते’ होणे हे या वयाला धरूनच आहे. मराठी मुलांची जीभ दातांमागचा ‘त’ आधी पकडते, टाळूकडे वळवावा लागणारा महाप्राण ‘ठ’ मागाहून येतो. कानाला मात्र हा भेद फार लवकर कळतो. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळेसुद्धा हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत, घरात त्याचा उपयोग नसल्यामुळे, त्यांची ही ओळख बरीचशी पुसली गेली. आपल्या मुलांना तो फरक रोज लागतो, म्हणून तो टिकतो. तेव्हा जिभेने ‘आते’ म्हणणाऱ्या मुलाच्या कानात ‘आठे’च असू शकते.

या फोननंतर वडिलांनी विचारले की आजीला अहिराणी बोलणे थांबवायला सांगू का, दोन भाषांनी मुलगा गोंधळत असेल. हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात मला महिन्यातून चारदा तरी ऐकावा लागतो, कधी अहिराणीसाठी, कधी कोकणीसाठी, कधी हिंदीसाठी, पण इंग्रजीसाठी मात्र कधीच नाही. दोन भाषांमुळे बोलणे लांबत नाही. दुभाषिक मुलाचे एकेका भाषेतले शब्द कमी दिसतात, पण बेरीज एकभाषिक मुलाइतकीच भरते. आजीने अहिराणी सोडली असती तर सोन्याच्या दिवसातली निम्मी भाषा गेली असती, कारण अवघडून परक्या बोलीत बोलणारी आजी कमी बोलते. मी स्पष्ट नको म्हणून सांगितले.

वेखंडाचेही याच फोनवर निघाले. आजींनी दोनदा लावून पाहिले होते. बाळगुटीत वेखंड पूर्वापार असते आणि वाचा फुटण्याशी त्याचे नाते लोकांच्या मनात घट्ट आहे, परंतु त्याने बोलणे येते असे मानायला आधार नाही. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये हे तर आवर्जून सांगावे लागते, कारण त्यातून क्वचित का होईना, बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. सोन्याची जीभ मी पाहिली होती. ती ओठांबाहेर येत होती, वरच्या ओठाला लागत होती. ‘जड जीभ’ नावाचे काही तिथे नव्हते. जिभेखालचा पडदा आखूड असला तरी दूध ओढायला किंवा पुढे काही उच्चारांना अडचण येऊ शकते, त्याने मूल बोलायचेच थांबत नाही.

दुसरी भेट

मार्चच्या मध्यावर सोन्या पुन्हा आला तेव्हा बावीस महिन्यांचा होता. मोबाइल खरोखरच बंद झाला होता. पहिले चार दिवस जेवणाच्या वेळी रडारड झाली, पाचव्या दिवशी मिटली. वहीत चौदा शब्द होते. सहा आठवड्यांत तीन. मी अधिक अपेक्षा केली होती.

खोलीत पंखा चालू होता. सोन्या गालिच्यावर पाठमोरा बसून ठोकळे रचत होता. मी मागून त्याचे नाव घेतले, तो वळला नाही. आईने घेतले, वळला नाही. आजी म्हणाल्या, ‘खेळात आहे’, आणि त्यांनीही एकदा ‘आठे ये’ म्हणून पाहिले. काही नाही. एवढ्यात वीज गेली. पंखा सावकाश थांबला, बाहेरच्या जनरेटरने अजून सूर धरलेला नव्हता, खोली क्षणभर शांत झाली. आजींनी जवळजवळ पुटपुटल्यासारखे, आधीच्याहून हळू आवाजात, ‘आठे ये रे’ म्हटले आणि सोन्या ठोकळा हातात घेऊन उठला.

त्या वेळी मला स्वतःची लाज वाटली. जानेवारीत विमानाकडे केलेल्या बोटावर मी खूश झाले होते, पण लढाऊ विमान ऐकू आले याने काय सिद्ध होते? घरच्यांचा कुकरच्या शिट्टीचा पुरावाही त्याच जातीचा. समोर बसून केलेले साधे बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते आणि कुजबुज तीसच्या आसपास. कुकर आणि विमान हे दोन्ही त्याच्या कितीतरी वर. शिट्टीला दचकणारे मूल बहिरे नसते एवढेच त्यातून कळते, मागच्या खोलीतून आलेला ‘स’ किंवा वाक्याच्या शेवटी विरत जाणारे ‘त’ त्याला ऐकू येतात की नाही, हे कळत नाही. आणि जन्माच्या दुसऱ्या दिवशीचा ‘पास’ हा त्या दिवसापुरता असतो. पाळणाघर, वर्षभराची सर्दी, दोनदा दुखलेला कान, हे सगळे माझ्या हस्ताक्षरात माझ्यासमोर होते.

त्याच दिवशी टिम्पॅनोमेट्री केली. कानात हवेचा दाब किंचित कमीजास्त करून पडदा कसा हलतो ते यात पाहतात. निकोप कानाचा आलेख डोंगरासारखा टोक काढतो. सोन्याच्या दोन्ही कानांचा आलेख सपाट होता, पडद्याला भोक नव्हते, म्हणजे पडद्यामागे पाणी साचलेले होते. ओएईचा प्रतिसाद मिळाला नाही, तो या अवस्थेत मिळत नाहीच. मग ध्वनिरोधक खोलीत, आवाजाकडे वळले की दिवे लागणारे माकड दिसते त्या पद्धतीने तपासणी केली. आईच्या मांडीवर बसून त्याने हे माकड अर्धा तास आनंदाने शोधले. त्याचे वळणे चाळीस डेसिबलच्या जवळपास सुरू होत होते, म्हणजे त्याहून हळू आवाजाला तो वळत नव्हता. आतला कान आणि नस नीट आहेत याची खात्री करण्यासाठी पुढच्या आठवड्यात झोपेत बेरा, म्हणजे आवाजाला कानाच्या नसेचा मिळणारा प्रतिसाद मोजणारी, तपासणी झाली, ती त्या दृष्टीने समाधानकारक आली. दोष मधल्या कानातच होता.

लहान मुलांत नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी युस्टेशियन नलिका आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती सुजली की मधल्या कानात हवा जात नाही, तिथे पाझर साचतो आणि तो सर्दी गेल्यानंतरही आठवडे, कधी महिने राहतो. दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही. मुलाला सगळे बोलणे उशी कानावर धरल्यासारखे येते, आणि तेही एकसारखे नाही, एका आठवड्यात बरे, दुसऱ्या आठवड्यात मंद. म्हणून घरातले म्हणतात, ‘मनात असले तर बरोबर ऐकतो.’ सोन्याचे वडील हेच वाक्य पहिल्या भेटीत बोलले होते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी औषध दिले नाही, याचे आईवडिलांना आश्चर्य वाटले. साचलेल्या पाण्यावर प्रतिजैविके आणि सर्दीची सिरपे उपयोगी पडत नाहीत. बहुतेक मुलांत ते तीन महिन्यांत आपोआप उतरते, म्हणून तेवढे थांबतात. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत टिकून असेल आणि ऐकणे कमी असेल तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवण्याचा विचार होतो. रात्री आडवे पडून बाटलीने दूध पिण्याची सोन्याची सवय तेवढी ताबडतोब थांबवायला सांगितली.

मधले तीन महिने

या काळात घरी काय केले, ते ऐकायला फार साधे वाटते. सोन्याशी बोलताना हातभर अंतरावर यायचे आणि तोंड त्याला दिसेल असे बसायचे. कोणी बघत नसताना चालू राहणारा टीव्ही बंद. स्वयंपाकघरातून ओरडून हाक मारायची नाही. यातले सर्वांत कठीण आईला गेले ते ‘म्हण, म्हण’ थांबवणे. ‘म्हण पाणी, म्हण ना, म्हटल्याशिवाय देणार नाही’ ही परीक्षा दिवसातून वीसदा होत होती आणि सोन्या तोंड फिरवत होता. त्याऐवजी त्यांनी ‘केळ की बिस्कीट?’ असे दोन्ही हातांत धरून विचारावे आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसावे, असे ठरवले. दहा आकडे फार लांब असतात. सातव्या-आठव्याला बहुतेक आया स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. तो जे म्हणेल त्याला एकच शब्द जोडायचा, हा दुसरा नियम. तो ‘बस’ म्हणाला की आपण ‘बस आली’, ‘हम्मा’ म्हणाला की ‘हम्मा गेली’.

आजींना काहीच शिकवावे लागले नाही. त्या मुळातच समोर पाय पसरून, नातवाला पायांवर घेऊन, तोंडासमोर तोंड आणून बोलत. दिवसातून दोन तास माणूस एवढ्या जवळून आणि एवढ्या फुरसतीने बोलतो ते घरात दुसऱ्या कोणाला जमत नव्हते. पाणी साचलेल्या कानांतून सोन्याला जी भाषा पोचली त्यातला मोठा वाटा अहिराणीचा का, हे इथे कळते.

जूनच्या मध्यावर, पंचविसाव्या महिन्यात, डाव्या कानाचा आलेख पूर्ववत झाला होता आणि उजव्या कानातले पाणी उतरून थोडा ऋण दाब उरला होता. वळणे पंचवीस डेसिबलवर आले होते. ग्रोमेटचा विषय मागे पडला. वहीत सेहेचाळीस शब्द होते. त्यात सहा अहिराणी, तीन इंग्रजी आणि बाकी मराठी. दोन शब्दांची जोडणी अजून नव्हती. दोन वर्षांच्या मापाने तो तेव्हाही मागेच होता आणि मी ते तसेच लिहिले. जोडणी जुलैत आली, ‘बस आला’ अशी. चार दिवसांनी ‘टक आला’. त्याच्या व्याकरणात सगळेच येत आणि सगळेच पुल्लिंगी होते.

सोन्याचे बोलणे कानातल्या पाण्यानेच लांबले, असे मात्र या प्रकरणावरून म्हणता येणार नाही. वडिलांचे उशिरा बोलणे खरे असेल तर त्याचाही वाटा आहे, अशा गोष्टी कुटुंबात चालतात. अमेरिकेत जॅक पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात, कानात पाणी टिकून राहिलेल्या मुलांना लगेच नळ्या बसवल्या काय आणि काही महिने थांबून बसवल्या काय, तीन वर्षांच्या वयात त्यांच्या भाषेत फरक आढळला नाही. माझ्या मते ज्या घरात जवळून आणि भरपूर बोलले जाते तिथे मूल हा अडथळा बराचसा ओलांडून जाते. पण म्हणून कान तपासायचाच नाही असे नव्हे. चाळीस डेसिबलवर ऐकणाऱ्या मुलाच्या घरी ‘मोबाइल बंद करा’ एवढेच सांगून पाठवणे ही माझी चूकच होती. तेव्हापासून, बोलत नाही म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाचा टिम्पॅनोग्राम पहिल्याच दिवशी निघतो, जन्माच्या फाइलवर काहीही लिहिलेले असो. ज्यांना खाजगी तपासणी परवडत नाही त्यांच्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी होते आणि गरजेप्रमाणे मुलाला पुढे पाठवतात. तिथे ‘मागून हाक मारल्यावर वळत नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘बोलत नाही’ म्हटले की उत्तर ‘बोलेल’ असेच मिळते.

ऑगस्टच्या भेटीत, सत्ताविसाव्या महिन्यात, दोन्ही कान कोरडे होते. शब्द मोजणे आईने सोडून दिले होते, आता त्या नवीन वाक्येच लिहीत होत्या. आदल्या रविवारी गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला म्हणून सगळे घर गोदाघाटावर गेले होते. नाशिकमध्ये पूर किती आला हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, आणि त्या दिवशी पाणी छातीच्या वर चढले होते. सोन्या वडिलांच्या खांद्यावर बसून बराच वेळ गप्प राहिला, मग बोट करून म्हणाला, ‘मालुती बुल्ला’. थोड्या वेळाने स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘पानी आते’. दोन्ही वाक्ये वहीत तारखेसह होती. दुसऱ्या वाक्यात आईने ‘आठे’ लिहिले होते. मी ते खोडून ‘आते’ केले, मूल म्हणते तसेच लिहायचे असे ठरले होते.